सीडी, शिडी आणि कबुतरं

काकूंनी कबुतरं हाकलायला गॅलरीत सहा सीडी टांगल्या, त्या दिवशी काकांनी दुपारचा चहा घेतला नाही. पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरात याहून मोठा निषेध नोंदवायची सोय नसते.

"अहो, त्या वाजतच नव्हत्या," काकू म्हणाल्या.

"वाजत नव्हत्या हे तुला कुठून कळलं? घरात प्लेअर आहे का आपल्या?"

"तेच म्हणतेय मी."

काकांपाशी याला उत्तर नव्हतं. त्यांच्याकडे मोजून ८६३ सीडी आहेत आणि त्यातली एकही वाजवता येईल असं यंत्र घरात नाही. हे काही एका रात्रीत घडलेलं नाही. एवढा गोंधळ घालायला बँकेतली कायम नोकरी, शास्त्रीय संगीताची आवड, अधूनमधून मिळणारा बोनस आणि पंचवीस वर्षं लागतात.

सुरुवात १९९४ साली झाली. तोवर सीडी जगात जुनी झाली होती. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती घडवली आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा पहिला प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला. आपल्याकडे मात्र कॅसेटचं राज्य होतं. कॅसेट स्वस्त होती, रिक्षात वाजायची, आणि फीत बाहेर आली तर पेन्सिल घालून आत गुंडाळता यायची. अशा सुखाच्या काळात काकांनी एका दुकानात काचेआड ठेवलेली सीडी पाहिली. ती प्रकाशात सप्तरंगी दिसत होती. किंमत चारशेच्या घरात होती. त्या पैशात दहा-बारा कॅसेट आल्या असत्या. काकांनी सीडी घेतली. प्लेअर नव्हता, पण तो पुढेमागे येईलच, असा हिशेब होता. स्थळ सांगून येण्याआधीच कार्यालय ठरवून टाकणारी माणसं असतात, त्यातला हा प्रकार.

घरी आल्यावर त्यांनी मोठ्या आवाजात जाहीर केलं, "आई, सीडी आणली!"

आतून आजी म्हणाली, "बरं झालं. माळ्यावरची पितळी भांडी काढायचीच होती. कुठे ठेवलीस?"

"ही बघ."

आजीनं चष्मा लावून त्या वीतभर डबीकडे पाहिलं. "एवढीशी शिडी? केवढ्याला पडली?"

"चारशे."

"अरे, चारशेत लाकडाची आठ पायऱ्यांची येते."

आजी शेवटपर्यंत तिला शिडीच म्हणायची. पुढे पुढे तर काकांच्या मित्रांना ती अभिमानानं सांगायची की आमच्याकडे पाचशे शिड्या आहेत. मित्र गोंधळून वर माळ्याकडे बघायचे.

पहिली अडचण वेष्टणाची. सीडीच्या डबीवर जो पातळ कागद असतो, त्याला एक बारीक सोनेरी पट्टी असते आणि ती ओढली की तो सुटतो, असा समज आहे. काकांच्या हातात पट्टी तेवढी यायची, कागद जागच्या जागी. मग नख, दात, आणि शेवटी काकूंची विळी. काका विळीवर बसून पंडितजींची सीडी सोलताहेत, हे दृश्य या घरानं शेकडो वेळा पाहिलं. आत डबीचं झाकण उघडताना बिजागरीचा एक कान मोडतो. कुठलाही कान मोडला तरी झाकण कायमचं हातात येतं. शेवटी मधल्या दातांतून चकती काढायची. दात दाबले तर ती सुटते आणि कडेला धरून ओढली तर वाकते. हे काकांना चाळिसाव्या सीडीच्या वेळी कळलं. तोवर एकोणचाळीस डब्यांतले दात पडलेले होते आणि सीडी आत खुळखुळत होत्या.

दुसरी अडचण वाचण्याची. ग्रामोफोनची मोठी तबकडी १२ इंची असे आणि सीडी १२ सेंटिमीटरची आहे. आकडा कायम ठेवून मोजपट्टी बदलली. त्यामुळे ज्या मुखपृष्ठावर पूर्वी गवयाच्या शालीची जरही दिसायची, तिथे आता गवई आहे की तंबोरा, एवढंच कळू लागलं. मागचा मजकूर वाचायला काकांनी तिकिटं जमवणाऱ्या मित्राकडून भिंग आणलं. भिंगातून त्यांना पहिली गोष्ट दिसली ती अशी की कव्हरवर राग बागेश्री छापला होता आणि आत बिहाग होता. कंपनीला त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही, पण पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती झाली. आता बिहागच्या जागी खरोखरच बागेश्री होता आणि कव्हरवर बिहाग छापला होता.

प्लेअर आला १९९५ साली. अमेरिकेत शिकायला गेलेल्या भाच्यानं तो पाठीवर वाहून आणला. घरची सगळी मंडळी जमली, काकूंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, काकांनी बटण दाबलं. निळा दिवा लागला, मग पिवळा लागला, आणि मग जो लागला तो दिवा नव्हता. अमेरिकेत वीज सुमारे ११० ते १२० व्होल्टची असते आणि आपल्याकडे २३० ची, ही गोष्ट भाचा इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच शिकत असल्यामुळे कोणी त्याला विचारली नाही. तोही काकांना सांगायला विसरला. पहिल्या प्लेअरचं आयुष्य चार सेकंदांचं ठरलं. खोलीत दोन दिवस धूपासारखा वास होता.

दुसरा प्लेअर साडूंनी मस्कतहून आणला. तो मात्र २३० व्होल्टचाच निघाला आणि काकांच्या घरात एक नवी आचारसंहिता सुरू झाली. सीडीला हात लावण्यापूर्वी हात धुवायचे. कडेनंच धरायची. पुसायची तर मऊ फडक्यानं, आणि गोल गोल नाही, मध्यापासून कडेकडे सरळ. हा नियम खरा आहे. सीडीवरची नोंद एका लांबच लांब गोल रेघेत असते. आडवा ओरखडा त्या रेघेला क्षणभर छेदून जातो, तेवढी चूक यंत्र आपापली भरून काढतं. ओरखडा रेघेच्याच दिशेनं गेला, तर मात्र मोठा तुकडा सलग हरवतो. काका हे सगळ्या पाहुण्यांना समजावून सांगत. पाहुणे चहाची वाट पाहत ऐकत.

इतकी काळजी घेऊनही काकांनी स्वतःच्या हातानं शंभरेक सीडी बिघडवल्या. चकाकणारी बाजू जपायची म्हणून ते सीडी टेबलावर नेहमी चकाकी वर करून ठेवत. म्हणजे नाव छापलेली बाजू खाली, टेबलावर घासत. आता सीडीची रचना अशी असते की १.२ मिलिमीटर जाडीतला बहुतेक भाग नुसतं पारदर्शक प्लॅस्टिक असतं आणि ज्यावर गाणं असतं तो ॲल्युमिनियमचा पातळ थर नाव छापलेल्या बाजूलाच, रंगाच्या आणि लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. चकाकीवरचा चरा घासून काढता येतो. नावाच्या बाजूचा खोल चरा म्हणजे गाणंच खरवडून निघालं. हे काकांनी मासिकात वाचलं, तेव्हा ते बराच वेळ टेबलाकडे बघत बसले होते.

चकाकीवरच्या चऱ्यांवर टूथपेस्टचा उपाय जगभर सांगितला जातो. पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती चऱ्याच्या कडा गुळगुळीत करते. काकांनी तो करून पाहिला. योगायोगानं त्या दिवशी घरातली पेस्ट संपली होती, म्हणून त्यांनी आजीचं लाल दंतमंजन वापरलं. सीडी आधी एका जागी अडखळत होती. मंजनानंतर ती अडखळायची थांबली. ती सुरूच होईना.

अडखळण्याचेही फायदे होते. एका संध्याकाळी सोसायटीतले एक जाणकार गृहस्थ गाणं ऐकायला आले. द्रुत बंदिशीत सीडी अडकली आणि तीच चार सुरांची सरगम पुन्हा पुन्हा येऊ लागली. गृहस्थांनी डोळे मिटले. पहिल्यांदा ते "वा" म्हणाले. दुसऱ्यांदा "क्या बात है". पाऊण मिनिटानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दमसास बघा हो! श्वास म्हणून घेत नाही माणूस."

काकांना उठून बटण दाबायचा धीर झाला नाही. गृहस्थ गेल्यानंतरच त्यांनी प्लेअर बंद केला. पुढे त्या गृहस्थांनी ती सीडी विकत घेतली आणि आपल्या प्रतीत ती जागा नाही, अशी तक्रार घेऊन ते परत आले.

सीडीत गाणं मावतं मूळ हिशेबानं ७४ मिनिटं. ही वेळ बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीवरून ठरली, फुर्टवेंगलर या वाद्यवृंद-संचालकानं १९५१ साली बायरॉइटला केलेलं तिचं सादरीकरण एवढं लांब होतं, अशी कथा सांगतात. ती खरी की मागाहून रचलेली, यावर सीडी घडवणाऱ्या अभियंत्यांचंही एकमत नाही. काकांचं मात्र झालं होतं. "आपल्या एखाद्या बुवांचा बडा ख्याल ऐकून ठरवली असती, तर सीडी ताटाएवढी झाली असती," असं ते म्हणत. अब्दुल करीम खाँसाहेबांना अख्खी भैरवी जेमतेम तीन मिनिटांत बसवावी लागली, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तेवढीच होती. नंतरच्या मोठ्या तबकडीनं बाजूला वीस-बावीस मिनिटं दिली. सीडीनं सव्वा तास दिला. परिणाम असा झाला की गवयाला घाई उरली नाही आणि काकांना वेळ उरला नाही.

सीडीची आणखी एक गंमत काकांनीच शोधून काढली. तबकडीची सुई बाहेरून आत जाते, सीडीचा किरण आतून बाहेर जातो. किरणाखालून रेघ सारख्याच वेगानं सरकायला हवी, म्हणून चकती सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेपर्यंत येता येता २०० वर उतरते. म्हणजे वरती बुवा विलंबिताकडून द्रुताकडे जात असतात, तेव्हा खाली यंत्र द्रुताकडून विलंबिताकडे येत असतं. काकांना हा विचार इतका आवडला की तो सांगण्यासाठी ते गाणं बंद करत.

संग्रह दीडशेच्या पुढे गेल्यावर मांडणीचा प्रश्न आला. गवयांच्या नावानं लावावा तर जुगलबंदी कोणाच्या खणात ठेवायची? घराण्यानं लावावा तर काही गवय्यांनी तीन-तीन घराण्यांत पाय ठेवलेला. त्याच सुमारास म्युझिक टुडे कंपनीची प्रहरांनुसार रागांची मालिका बाजारात होती. काकांना मार्ग सापडला. त्यांनी सुताराकडून कपाट करून घेतलं. वरच्या खणात सकाळ, मग दुपार, संध्याकाळ, रात्र, आणि तळाला ऋतू. आणि नियम केला की राग त्याच्या वेळेलाच ऐकायचा.

या नियमामुळे संग्रहाचा बहुतेक भाग आपोआप बंद झाला. सकाळी तोडी लावली की कुकरची पहिली शिट्टी वरच्या षड्जाला येई आणि दुसरी कुठल्याच सुरात नसे. दुपारी सारंग आणि भीमपलासाच्या वेळेला काका बँकेत कर्जाची प्रकरणं बघत. रविवारी ते घरी असत, पण आलाप संपायच्या आत झोपलेले असत. संध्याकाळी पूरिया आणि मारव्याच्या वेळी दूरदर्शनवर बातम्या. रात्री दरबारी लावला की खालच्या मजल्यावरून काठी वाजे, तीही समेवर नाही. सगळ्यात करुण कहाणी मल्हाराच्या खणाची. मल्हार पावसातच ऐकायचा. आणि पाऊस सुरू झाला की त्या भागातली वीज जायची. बावीस सीडींचा तो खण काकांनी आयुष्यात दीड वेळा ऐकला. दीड अशासाठी, की दुसऱ्यांदा पाऊस मध्येच थांबला.

जागा कमी पडू लागली, तेव्हा १९९६ साली काकांनी दूरदृष्टी दाखवून जुन्या तबकड्या काढून टाकल्या. "आता हे तंत्रज्ञान परत येत नाही," असं त्यांनी रद्दीवाल्यालाही समजावून सांगितलं. त्यात किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची तबकडी होती. रद्दीवाल्यानं सगळा गठ्ठा तागडीत टाकला आणि प्लॅस्टिकच्या भावानं एक निळी बादली दिली. बादली अजून मोरीत आहे. अमेरिकेत २०२० साली तबकड्यांच्या विक्रीचं मोल सीडीच्या विक्रीपेक्षा जास्त भरलं, १९८० च्या दशकानंतर पहिल्यांदाच. ही बातमी नातवानं वाचून दाखवली आणि विचारलं, "आजोबा, तुमच्याकडे होत्या ना? कुठे आहेत?" काकू म्हणाल्या, "मोरीत जा आणि बघ."

खरेदी मात्र थांबली नाही. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाउसमध्ये काका पूर्वी कॅसेटसाठी जात, तिथे उभ्या उभ्या तासभर गाण्यावर बोलणं होई. मुंबईला काम निघालं, किंवा काढलं, की ते डेक्कन क्वीननं जात आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये शिरत. काकूंसाठी कुलाब्याहून चपला आणायच्या असत. संध्याकाळी काका परतत तेव्हा पिशवीत अकरा सीडी असत. चपलेचं माप विसरलो, हे कारण त्यांनी सलग सहा वर्षं दिलं. काकूंचे पाय या काळात वाढले नव्हते.

सगळ्यात मोठा बाजार म्हणजे डिसेंबरातला सवाई गंधर्व महोत्सव. रमणबागेच्या मैदानावर मंडपाबाहेर सीडींचे स्टॉल असत आणि काका मफलर बांधून तिथे हजर. एका रात्री आत मंडपात एक नामवंत गवई मारुबिहाग गात होते, लोक माना डोलावत होते. काका बाहेर स्टॉलवर उभे राहून विक्रेत्याला विचारत होते, "यांचा मारुबिहाग आहे का हो?"

"काका, आत तेच गातायत."

"हो, पण सीडीत आहे का?"

"यांचा यमन आहे. मारुबिहाग नाही."

काका हळहळले. यमनची सीडी घेऊन आत आले, तेव्हा भैरवी सुरू झाली होती.

मग बाजारात एमपी-३ आली. पदपथावर पत्र्याच्या पेटीवर मांडलेल्या या चकत्यांत दीडशे गाणी आणि किंमत एका मसाला डोशाएवढी. काकांचा विवेक दहा मिनिटं टिकला. घरी आल्यावर प्लेअरनं ती चकती गोल गोल फिरवली, विचार केला आणि चकती नाहीच असं सांगितलं. जुन्या प्लेअरला ऑडिओ सीडीच कळते, हे त्यांना माहीत होतं, पण दीडशे गाण्यांपुढे माहिती टिकत नाही. काकूंनीही एकदा नाटकाची व्हीसीडी आणून त्यातच घातली आणि अर्धा तास पडदा उघडायची वाट पाहिली.

संगणक आला तेव्हा काकांनी स्वतःच सीडी बनवायचा कारखाना काढला. त्या यंत्राचा स्वभाव सोवळ्यातल्या आजेसासूसारखा होता. लिहिणं सुरू झालं की किरणाला थांबता येत नसे. संगणकानं माहिती पुरवायला पळभर उशीर केला की अख्खी चकती वाया जायची. म्हणून काम चालू असताना खोलीत कोणी यायचं नाही, माऊसला हात लावायचा नाही, पंखासुद्धा काका बंद ठेवत. त्याचा संबंध काय, हे विचारण्याची हिंमत कोणी केली नाही. आकडा ९५ टक्क्यांवर यायचा, काका देवाचं नाव घ्यायचे, ९७ वर फोन वाजायचा. त्या वर्षी घरात चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या विकत घ्याव्या लागल्या नाहीत. गणपतीच्या मखरालाही मागे तेजोवलय म्हणून अशाच ३६ सीडी लावल्या होत्या. आरतीच्या वेळी निरांजनाचा प्रकाश त्यातून असा परतायचा की गुरुजींनी एका हातानं डोळे झाकून पूजा सांगितली.

या सगळ्यात काकांनी कधी मोटार घेतली आणि तिच्यात सीडी घालायची फट होती, ही गोष्ट वेगळी सांगायला हवी. पुतणीच्या लग्नाच्या गडबडीत मंगलाष्टकांची सीडी त्या फटीत गेली आणि बाहेर यायला तयार होईना. मेकॅनिक म्हणाला, अख्खा डॅशबोर्ड उघडावा लागेल. काकांनी खर्च विचारला आणि सीडी आत राहू दिली. तीन वर्षं किल्ली फिरवली की सनई आणि मंगलाष्टकं आपोआप सुरू होत. दवाखान्यात जाताना, आयकर कार्यालयात जाताना, एकदा तर बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या अंत्यविधीहून, वैकुंठाच्या दारातून निघताना. काकांनी घाईघाईनं काचा वर घेतल्या, पण मागे बसलेल्या साहेबांनी सवयीनं खिशात अक्षता चाचपल्या होत्या.

प्लेअर २०१५ च्या पावसाळ्यात गेला. काका तो पिशवीत घालून पासोड्या विठोबाजवळच्या दुरुस्तीवाल्यांकडे घेऊन गेले. तिथल्या पोरानं झाकण उघडून फुंकर मारली.

"लेन्स गेली, काका."

"मग नवी टाक."

"येत नाही आता."

"मुंबईहून मागव."

"मुंबईतही येत नाही."

"मग जपानहून कोणाबरोबर मागवली तर?"

पोरानं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "काका, मोबाइल आहे ना तुमच्याकडे? त्यात सगळं फुकट येतं."

काका निमूट परत आले. संगणक जुना होऊन गेला होता, नव्या लॅपटॉपला चकती घालायचं दारच नव्हतं. नवी मोटार घेतली तिच्यातही फट नव्हती. म्हणून मंगलाष्टकं सुटली, एवढंच. पुढच्या वर्षी फेब्रुवारीअखेर ऱ्हिदम हाउस बंद झालं. शेवटच्या दिवसांत जुन्या गिऱ्हाइकांनी तिथे मोठी गर्दी केली. काकाही गेले. प्लेअर नव्हता, तरी नऊ सीडी घेऊन आले. "लग्नघरी रिकाम्या हातानं जात नाहीत," असं ते म्हणाले. काकूंनी विचारलं, "आणि चपला?"

जावईबापूंनी २०१७ च्या दिवाळीत काकांना कारवाँ आणून दिला. सारेगामा कंपनीनं त्याच वर्षी काढलेला, जुन्या ट्रान्झिस्टरसारखा दिसणारा, ५,००० गाणी आत भरलेला. वेष्टण नाही, डबी नाही, दात नाहीत, काहीही पुसायचं नाही. काकूंनी तो स्वयंपाकघरात नेला आणि आजवर काकांनी पंचवीस वर्षांत ऐकलं नसेल एवढं गाणं पोळ्या लाटताना ऐकलं. काका कौतुकानं म्हणाले, "छान आहे. पण हे जमवायचं कसं?"

शेवटी कपाटाची जागा नातवाच्या टेबलाला हवी झाली आणि सीडी माळ्यावर चढवायचं ठरलं. माळा उंच होता. काकांनी बाजारातून ॲल्युमिनियमची आठ पायऱ्यांची शिडी आणली. भिंतीवरच्या फोटोतून आजी समाधानानं बघत होती. खोकी भरताना काकूंनी मोजणी केली, तेव्हा ८६३ पैकी २१७ सीडींचं वेष्टण अजून फोडलेलंच नव्हतं. काका म्हणाले, "त्याच सगळ्यात चांगल्या राहिल्यात." आणि त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांवर एक ओरखडा नव्हता.

माळ्यावर न मावलेल्या सहा सीडी म्हणजे कबुतरांच्या वाट्याला आलेल्या. त्यात भाच्यानं पाठवलेला केनी जीचा सॅक्सोफोनही आहे, कारण त्याचा प्रहर शेवटपर्यंत ठरला नाही. पहिले चार दिवस कबुतरं बिचकली. आठवड्याभरात सरावली. आता ती रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ओळीनं बसतात आणि फिरणाऱ्या चकत्यांसमोर माना डोलावतात. एवढे जाणकार श्रोते काकांच्या संग्रहाला पूर्वी कधी लाभले नव्हते. काकाही हल्ली सकाळचा चहा तिथेच घेतात.

राहता राहिली एक बाब. गीतरामायणाच्या संचातली एक सीडी २००३ सालच्या रामनवमीला कोणीतरी "दोन दिवसांत देतो" म्हणून नेली. राम चौदा वर्षांनी परतला, ती सीडी अजून परतलेली नाही. नेणाऱ्याचं नाव काकांनी वहीत लिहून ठेवलं होतं, पण ती वहीही तेच गृहस्थ पेन तपासायला म्हणून घेऊन गेले. हा मजकूर त्यांच्या वाचनात आला, तर त्यांनी सीडी कृपया आणून द्यावी. कसलीही चौकशी केली जाणार नाही, चहा मिळेल. येताना चालू स्थितीतला प्लेअर असेल तर तोही आणावा.